महाराष्ट्रांतील देवीच्या साथी : कालचक्र व प्रमाणें

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत स्वाऱ्या, तह, सनदा, वतनांचे तंटे, पर्जन्याची ओढ व धान्याचे भाव यांच्या नोंदी विपुल सांपडतात. परंतु ज्या एका रोगानें ह्या देशांतील प्रत्येक पिढीला बालपणींच चाळणी लाविली, त्या देवीच्या रोगाचे उल्लेख त्या मानानें फारच थोडे आहेत. जे आहेत ते बहुधा थोरामोठ्यांच्या घरांतील: एखाद्या राजपुत्रास देवी आल्या, नवस बोलले, उतार पडला अथवा पडला नाहीं, एवढेंच. यावरून नवख्या अभ्यासकाचा असा समज होण्याचा संभव आहे कीं, पूर्वीं हा रोग क्वचित् उद्भवत असावा. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे, व तीच प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे. देवीची नोंद विरळ आहे, कारण देवी नित्याची होती. बखरकार अपूर्व असेल तें लिहितो; जें प्रत्येक घरांत प्रत्येक मुलास एकदां व्हावयाचेंच, तें कोण लिहून ठेवणार? तेव्हां ह्या रोगाचा इतिहास लिहावयाचा तर प्रमाणें दुसरीकडे शोधलीं पाहिजेत: भाषेंत, पंचांगांत, वैद्यकग्रंथांत आणि गेल्या सव्वादोनशें वर्षांतील टोचणीच्या दप्तरांत.

प्रथम रोगाचा स्वभाव ध्यानांत घेऊं. देवीचा रोग मनुष्याखेरीज दुसऱ्या कोणत्याहि प्राण्याच्या आश्रयानें राहत नसे. संसर्ग झाल्यापासून सुमारें १२ दिवसांनीं ताप भरे, पुढें दोन-तीन दिवसांनीं अंगावर पुरळ उठे, आणि तीन-चार आठवड्यांत रोगी एक तर दगावे, नाहीं तर बरा होई. न टोचलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा २० ते ३० दगावत. अर्भकांत हें प्रमाण याहूनहि अधिक असे. कित्येकांची दृष्टि जाई. परंतु जो एकदां बरा झाला त्यास हा रोग सहसा पुन्हां होत नसे. या दोन-तीन गोष्टींतून एक महत्त्वाचा सिद्धान्त निघतो. रोगास टिकून राहावयाचें तर त्यास सदैव नवीं माणसें पाहिजेत. आणि जेथें रोगाचा वावर पिढ्यान् पिढ्या चालू आहे तेथें नवीं माणसें म्हणजे नुकतीं जन्मलेलीं मुलें, दुसरें कोणी नव्हे. ज्या देशांत देवी पूर्वीं कधींच गेली नव्हती तेथें तिनें थोर व लहान असा भेद केला नाहीं. १५२० सालीं मेक्सिकोंत स्पॅनिश लोकांच्या मागोमाग ती शिरली तेव्हां तिनें लढणारे पुरुष व राज्यकर्तेहि उचलले. आपल्याकडे तिनें मुलें नेलीं, याचा अर्थ आपल्या देशांतील थोर माणसें तिच्या हातून आधींच सुटून आलेलीं होतीं. बालरोग असणें हा देवीचा जातिस्वभाव नव्हे; ती तिच्या जुन्या वस्तीची खूण होय.

याच सिद्धान्तावरून साथींच्या आवर्तनाचाहि उलगडा होतो. एका मोठ्या साथींत गांवांतील ज्या मुलांना देवी आलेल्या नसत, त्यांपैकीं बहुतेकांस त्या येत. मग रोगास खाद्य उरत नसे व कांहीं वर्षें शांततेचीं जात. तेवढ्या अवधींत नवीं मुलें जन्मत, रांगूं लागत, चालूं लागत, आणि त्यांची संख्या पुरेशी वाढली म्हणजे बाहेरून आलेली एकच ठिणगी पुरे होई. हिंदुस्थानांत मोठ्या साथी साधारणपणें ४ ते ७ वर्षांच्या अंतरानें येत, हें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आकड्यांवरून दिसून आलेलें आहे. मात्र हें आवर्तन सर्वत्र सारखें नसे. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरांत रोग पुरता कधींच विझत नसे. तेथें तो दोन-तीन वर्षांच्या मुलांवर घाला घाली. सह्याद्रीच्या खोऱ्यांतील लहान वाडीवर तो कित्येक वर्षें फिरकत नसे, आणि मग यात्रेकरू, लमाणांचे तांडे, लष्कर अथवा दुष्काळानें देशोधडीस लागलेली माणसें यांच्याबरोबर आला म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलांसहि सोडीत नसे. म्हणजे कोणत्या वयाच्या मुलांना देवी आल्या, एवढें कळलें तरी तें ठिकाण रहदारीच्या वाटेवर होतें कीं आडबाजूस होतें, याचें अनुमान करतां येतें. इतिहासाच्या अभ्यासकास ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे.

ह्या नित्यतेचा समाजमनावर कोणता परिणाम झाला? गंगायमुनांच्या दुआबांत लस टोचण्याच्या खात्यावर असलेले डॉ. रॉबर्ट प्रिंगल यांनीं १८६९ सालीं असें नमूद केलें आहे कीं, तेथील लोक मुलास देवी येऊन जाईपर्यंत त्यास घरच्या कायमच्या माणसांत धरीत नसत. ही गोष्ट उत्तरेकडील असली तरी आपल्याकडील वंशावळी व कुलवृत्तान्त चाळणाऱ्यास ती परकी वाटणार नाहीं. वंशावळींत जीं नांवें येतात तीं वाढलेल्या पुरुषांचीं; मध्यें जीं मुलें गेलीं त्यांच्यासाठीं फार तर ‘अल्पवयांत वारला’ एवढे शब्द खर्चीं पडतात, आणि मुलगी असल्यास तेवढेहि नाहींत. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८६८ ते १९०७ ह्या ४० वर्षांत सुमारें ४७ लक्ष माणसें देवीनें मेलीं असा हिशेब आहे, व त्यांत मोठा भरणा मुलांचाच होता. टोचणी सुरू होऊन दोन-तीन पिढ्या लोटल्यावरचे हे आकडे आहेत; त्यापूर्वींचें प्रमाण काय असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां ऋतूकडे वळूं. देवीची साथ हिंवाळ्याच्या अखेरीस डोकें वर काढी, फाल्गुन ते वैशाख ह्या महिन्यांत कळसास पोंचे आणि पावसाळा सुरू होतांच ओसरे. बंगालींत ह्या रोगास ‘बसन्त’ असेंच म्हणतात. रोगाच्या नांवांतच त्याचा ऋतु गोंवलेला आहे. शिखांचे आठवे गुरु हरकिशन हे वयाच्या आठव्या वर्षीं दिल्लींत देवीनें निवर्तले तो दिवस ३० मार्च १६६४ हा होता, हें ह्या क्रमास धरूनच आहे. उत्तर हिंदुस्थानांत शीतलाष्टमी होळीनंतरच्या वद्य अष्टमीस, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणें फाल्गुनांत येते. चूल न पेटवितां आदल्या दिवसाचें थंड अन्न खावयाचें, हा तिचा विधि. साथीच्या तोंडाशींच देवतेस शांत करण्याचा हा उपक्रम आहे, हें उघड दिसतें. महाराष्ट्रांत मात्र शीतलासप्तमी श्रावणांत पाळतात आणि आपल्या शिळासप्तमीच्या कहाणींत देवीच्या फोडांचा विषय नसून तळें, पाणी व जलदेवता यांचा आहे. उत्तरेकडील व्रत भयाच्या मुहूर्तावर, आणि आपलें व्रत भय ओसरल्यानंतर, असा हा भेद आहे. एक संरक्षणासाठीं व दुसरें कृतज्ञतेसाठीं, असें अनुमान कोणास सुचेल; परंतु केवळ तिथीवरून एवढें मोठें विधान करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मुंबईंतील माहीम, ठाण्याच्या उत्तरेस केळवें आणि अलीबागेजवळ चौल येथील शीतलादेवीचीं देवळें प्रसिद्ध आहेत. हीं तिन्ही स्थानें समुद्रकांठचीं व जुन्या रहदारीचीं आहेत, एवढें मात्र स्थलेतिहासकारांनीं लक्षांत ठेवावें.

ऋतूचा हा संबंध पुढें शास्त्रीय रीतीनेंहि तपासला गेला. सर लेनर्ड रॉजर्स यांनीं १९२६ सालीं हिंदुस्थानांतील देवी व हवामान यांचा संबंध दाखविणारा प्रबंध प्रसिद्ध केला. हवेंत बाष्प कमी असतां रोग फोंफावतो व बाष्प वाढतांच मंदावतो, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षानंतर साथीचा संभव अधिक, असें त्यांचें प्रतिपादन होतें. आजीबाईंच्या बोलण्यांतला ‘पावसाबरोबर देवी जातात’ हा अनुभव त्यांनीं आकड्यांत मांडला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वैद्यकग्रंथांची साक्ष याहून प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत ‘मसूरिका’ हा रोग क्षुद्ररोगांत गणिला आहे; मसुरेच्या डाळीसारख्या पुळ्या येतात म्हणून हें नांव. परंतु सातव्या-आठव्या शतकांतील माधवकराच्या निदानग्रंथांत मसूरिकेस स्वतंत्र अध्याय मिळाला असून त्यांत ‘रोमान्तिका’ म्हणजे गोवरासारख्या रोगाचाहि निर्देश आहे. पुढें सोळाव्या शतकांत भावमिश्राच्या भावप्रकाशांत ‘शीतला’ हें देवतावाचक नांव येतें व औषधाबरोबर स्तोत्रहि येतें. क्षुद्ररोग, मग स्वतंत्र रोग, मग देवता, असा हा चढता क्रम पाहून मधल्या शतकांत रोग अधिक उग्र झाला असावा, असें कित्येक विद्वान् मानतात. हा तर्क ग्राह्य वाटतो. तथापि एक सावधगिरी पाहिजे. प्राचीनांची मसूरिका म्हणजे केवळ देवी नव्हे. तींत कांजिण्या, गोवर व इतर पुरळहि सामावलेले असावेत. शब्द एक म्हणून पदार्थ एक, असें धरून चालणें ही शब्दकोशाची इतिहासावर कुरघोडी होय.

ह्याच संदर्भांत एका खोट्या प्रमाणाचा समाचार घेणें अवश्य आहे. गाईच्या स्तनावरील फोडांतील लस काढून मनुष्यास टोचण्याची विद्या धन्वंतरीच्या एका संस्कृत ग्रंथांत पूर्वींपासून सांगितलेली आहे, असें पत्र १८१९ सालीं मद्रासच्या एका वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून हें विधान युरोपांतील व आपल्याकडील पुस्तकांत एकमेकांच्या आधारानें फिरत राहिलें. मूळ ग्रंथ मात्र कोणाच्याहि हातीं लागला नाहीं. डोमिनिक वुजास्टिक यांनीं १९८७ सालीं ह्या प्रकरणाचा कसून शोध घेतला आणि असा ग्रंथ अस्तित्वांतच नव्हता, लोकांनीं लस घ्यावी म्हणून हितबुद्धीनें रचलेली ती बनावट होती, असें दाखविलें. संस्कृतविद्येचा अभिमान आम्हांसहि आहे. परंतु ज्या वचनाची पोथी नाहीं त्या वचनानें तो वाढत नाहीं. पूर्वजांचें खरें कर्तृत्व पाहावयाचें असेल तर बंगाल, बिहार व ओरिसा ह्या पूर्वेकडील प्रांतांतील टीकादारांकडे पाहावें. हे लोक देवीच्या फोडांतील द्रव्य घेऊन मुलांच्या हातावर टोंचीत. त्यामुळें सौम्य देवी येऊन मूल पुढच्या भयांतून सुटे. त्यांची फेरी साथीचा ऋतु लागण्यापूर्वींच सुरू होई. हॉलवेल यानें १७६७ सालीं ह्या पद्धतीचें सविस्तर वर्णन लिहिलें आहे. तींत धोका होताच, कारण टोचलेल्या मुलापासून इतरांस खऱ्या देवी येऊं शकत. याच कारणानें पुढें सरकारनें ती बंद केली. परंतु एकदां येऊन गेलेला रोग पुन्हां येत नाहीं ह्या निरीक्षणाचा मनुष्यानें हेतुपुरस्सर केलेला तो उपयोग होता, हें विसरतां कामा नये.

गाईच्या लसीचें हिंदुस्थानांतील आगमन मुंबईंत झालें. जेन्नरनें १७९६ सालीं प्रयोग करून १७९८ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. समुद्रमार्गानें पाठविलेली लस उष्णतेनें वाटेंतच निकामी होई. अखेर व्हिएन्नाहून कॉन्स्टान्टिनोपल, बगदाद व बसरा ह्या मार्गानें ती मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यांत आली. तिच्या दंडावरील फोडांतून घेतलेल्या लसीनें आणखी पांच मुलें टोचलीं, आणि मग ती लस हातोहात देशभर गेली. १८०२ हें साल आपल्या इतिहासांत कशासाठीं प्रसिद्ध आहे? २५ ऑक्टोबरला हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं बाजीरावाचा मोड केला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. ह्या दोन तिथि शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ होत्या. त्या आम्हींहि पाठ करून घेतल्या आहेत. परंतु ज्या जूनच्या दिवसामुळें पुढें कोट्यवधि मुलांचे प्राण वांचले, तो कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत आमच्या पाहण्यांत नाहीं. तहानें राज्य गेलें, हें खरें. पण राज्याचा हिशेब मांडणाऱ्यानें प्रजेचाहि मांडावयास पाहिजे.

त्या काळीं लस सांठवून ठेवण्याचें साधन नव्हतें. टोचल्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास मुलाच्या दंडावरील फोडांतून ती काढून दुसऱ्या मुलास टोंचावी लागे. म्हणजे लसीची परंपराहि मुलांवरच अवलंबून होती. रोगाची सांखळी जशी मुलामुलांतून चाले, तशीच त्याच्या प्रतिकाराचीहि. मुंबई इलाख्यांत १८२७ नंतर फिरत्या टोचणारांची व्यवस्था लागली. कडक उन्हांत लस बिघडते म्हणून त्यांचें काम मुख्यत्वें थंडीच्या महिन्यांत चाले. लोकांचा विरोध होता, व त्यास कारणेंहि होतीं. आपल्या मुलाचा दंड पिळून दुसऱ्याच्या मुलासाठीं लस काढूं देण्यास आई तयार नसे. कोणत्या जातीच्या मुलाची लस कोणास, हा प्रश्न उभा राही. आणि देवीचा कोप होईल ही धास्ती होतीच. वांसराच्या अंगावर लस तयार करण्याची रीत आल्यावर यांतील पहिल्या दोन अडचणी दूर झाल्या. ह्या कामीं मुंबईंत अनंत चंद्रोबा यांनीं केलेला उद्योग स्मरणीय आहे. ग्रांट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं जी पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, तींत भाऊ दाजी यांच्याबरोबर तेहि होते. पुढें बेळगांव येथील संस्थेंतून इलाख्यास वांसराच्या लसीचा पुरवठा होऊं लागला.

भाषेनें ह्या नव्या विद्येचा स्वीकार कसा केला, हें पाहण्यासारखें आहे. लस घेण्यास मराठींत ‘देवी काढणें’ अथवा ‘देवी टोचणें’ असें म्हणूं लागले, आणि टोचणारा तो ‘देवी डॉक्टर’. रोगाचें नांव, देवतेचें नांव व उपायाचें नांव एकच. लोकांनीं जुनी देवी टाकून नवी विद्या घेतली असें झालें नाहीं. देवी येणारच, ती सौम्य रूपानें आणविली, अशीच त्यांची समजूत राहिली असावी. सक्तीच्या कायद्यांपेक्षां ह्या एका शब्दानें खेड्यांतील दारें अधिक उघडलीं असावींत, असें आम्हांस वाटतें.

सक्तीचा कायदा मुंबई शहरांत १८७७ सालीं, व नगरपालिकांस लागू करतां येईल असा हिंदुस्थान सरकारचा कायदा १८८० सालीं झाला. यानंतर साथींची संख्या व उग्रता घटत गेली. परंतु त्याहून सूक्ष्म असा एक पालट झाला, तो वयाचा. अर्भकपणीं टोचलेल्या मुलांस रोग होईना. पण लसीचें बळ वर्षांनुवर्षें पुरत नाहीं, आणि गिरण्यांच्या कामास कोंकण व देशावरून येणाऱ्यांत न टोचलेले पुष्कळ असत. त्यामुळें शहरांतील रोग्यांत वाढत्या वयाच्या माणसांचें प्रमाण वाढूं लागलें. हजारों वर्षें जो बालरोग होता तो बालरोग राहिना, हीच त्याच्या वस्तीस धक्का लागल्याची पहिली खूण होती. लेखाच्या आरंभीं जो सिद्धान्त सांगितला त्याचा हा व्यत्यास होय.

स्वातंत्र्यानंतर १९६२ सालीं देवीनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. प्रथम सर्व लोकांस टोचण्यावर भर होता. तरी १९६७ सालीं देशांत ८४,९०२ रोगी नोंदले गेले. पुढें पद्धति बदलली: रोगी हुडकावयाचा आणि त्याच्या भोंवतालच्या माणसांस तत्काळ टोंचून सांखळी तोडावयाची. १९७३ पर्यंत महाराष्ट्रासह पश्चिम व दक्षिण हिंदुस्थान बहुतांशीं मोकळा झाला होता. रोग उरला तो मुख्यत्वें उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल व मध्य प्रदेश ह्या चार राज्यांत. त्या वर्षीं पावसाळा सरतांच तेथें घरोघर शोध सुरू झाला. हा मुहूर्त बुद्धिपुरस्सर साधला होता. पावसाळ्यानंतर रोग अत्यंत क्षीण असतो. सांखळीचे दुवे थोडे असतात. तेव्हांच ते तोडले तर वसंतांत भडका उडत नाहीं. देवी आलेल्या मुलाचें चित्र हातांत घेऊन कामगार दारोदार व शाळांतून हिंडले, कारण गांवांत काय चाललें आहे हें मुलांस सर्वांत आधीं ठाऊक असतें. १९७४ च्या वसंतांत बिहारांत शेवटचा मोठा भडका उडाला. त्या वर्षीं देशांत १,८८,००३ रोगी व ३१,२६२ मृत्यु नोंदले गेले. पण मग उतरण लागली ती कायमची. मे १९७५ मध्यें हिंदुस्थानांतील शेवटचे रोगी आढळले, आणि ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य परिषदेनें सर्व पृथ्वी देवीमुक्त झाल्याचें जाहीर केलें. ज्या ऋतुचक्राची ओळख भाषेस व पंचांगास शतकानुशतकें होती, त्याच ऋतुचक्राच्या आधारानें रोगाचा अंत करण्यांत आला.

एवंच, देवीचा इतिहास हा अपवादांचा इतिहास नसून नित्यक्रमाचा आहे, आणि नित्यक्रमाचीं प्रमाणें पानाच्या मध्यभागीं सांपडत नाहींत, समासांत सांपडतात. आमची संशोधकांस विनंति आहे कीं, खाजगी पत्रव्यवहारांतील मुलांच्या आजारपणाचे उल्लेख, नवसाच्या नोंदी, वंशावळींतील अल्पायुषी नांवें, चेहरेपट्टींतील तोंडावरच्या वणांच्या खुणा, हे सर्व तिथिवार टिपून ठेवावे. पांच-पंचवीस नोंदी एका ठिकाणीं आल्या म्हणजे चार ते सात वर्षांचें आवर्तन व फाल्गुन-वैशाखाचा ऋतु त्यांतून उमटतो कीं नाहीं, हें तपासतां येईल. आणि जेथें वयाचा उल्लेख असेल तेथें वाटा व वस्ती यांचाहि बोध होईल.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. तोंडावर देवीचे वण असलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. आमच्या पिढीच्या दंडावर टोचणीचा वण आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं धाकट्यांच्या दंडावर तो नाहीं. आणखी कांहीं दशकांनीं हाहि पुरावा नाहींसा होईल. ज्यांनीं तो रोग पाहिला, ज्यांनीं भावंडें गमाविलीं, अशा वृद्धांकडून त्यांच्या गांवचें, सालाचें व ऋतूचें जें कळेल तें आजच लिहून घ्यावें. मेलेल्या राजांच्या तिथि ठरविण्यांत आपण आयुष्यें घालविलीं. ज्या मुलांचें नांवहि कोणी लिहिलें नाहीं, त्यांचें निदान साल तरी निश्चित करणें हें इतिहासाचें ऋण आहे.